हात थरथरणारे, आत या

मित्रांनो, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पंख्याच्या जरा वर, भिंतीला टेकून बसलेलं एक करडं चौकोनी खोकं तुम्हाला दिसेल. समोर बारीक जाळी, जाळीवर बरीचशी धूळ, आणि मागच्या बाजूला पालीचं बिऱ्हाड. तो मी. लोक मला स्पीकर म्हणतात, रागावले की भोंगा म्हणतात. खरेदीच्या कागदावर माझं नाव ‘ध्वनिक्षेपक’ असं होतं. म्हणजे आवाज फेकणारा. फेकलेली वस्तू कुणाच्या डोक्यात पडते हे बघणं फेकणाऱ्याच्या कामात येतं की नाही, याबद्दल त्या कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. माझा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

एक लोहचुंबक, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि कागदाचा शंकू, एवढंच माझं शरीर. माणूस घडायला जन्म जातो म्हणतात. मला घडवायला कारखान्यातली एक दुपार पुरली. संध्याकाळी एका कामगारानं माझ्यातून ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ असं म्हणून पाहिलं. तो कुणालाच हाक मारत नव्हता आणि कुणी ओ देत नव्हतं, तरी तो खूश झाला. ‘खणखणीत आहे गडी,’ असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर शिक्का मारला. पहिल्याच दिवशी मी धडा शिकलो, की काय बोलतोस ते सोड, शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.

माझी पहिली नोकरी भाजीच्या घाऊक बाजारात होती. ते दिवस सुखाचे होते. कोबी चढला, टोमॅटो उतरला, वांग्याला आज कुणी विचारत नाही, हे सगळं मी घसा फोडून सांगायचो. टोमॅटोला त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. पुढे बाजार नव्या जागी गेला, तिथे नवे स्पीकर बसले आणि मला या दवाखान्यानं विकत घेतलं. टोमॅटोंकडून मी माणसांकडे आलो. दोन्हींत काय फरक असतो, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही.

दवाखाना चालता होता. एका लोखंडी दांड्याला जोडलेल्या खुर्च्या, त्यामुळे एका टोकाला कुणी जाड माणूस बसला की दुसऱ्या टोकाचा आपोआप उठायचा. पाण्याचं यंत्र, त्याला साखळीनं बांधलेला पेला. समोर काचेचा काउंटर. त्या काचेत बोलण्यासाठी एक गोल भोक होतं, पण सुतारानं ते स्वतःच्या मुलाच्या उंचीचं पाडलं असावं. येणारा प्रत्येक माणूस त्यापुढे कमरेत वाकायचा आणि भोकाला तोंड लावून आपलं दुखणं सांगायचा. वाकलं की माणूस आपोआप हळू बोलतो, हे मी तिथे पाहिलं. काचेपलीकडे काउंटरवाल्या बाई बसायच्या आणि त्यांच्या हाताशी माइक असायचा. भोकातून हळू आत गेलेली गोष्ट माइकमधून मोठ्यानं बाहेर येई. मध्ये जेमतेम हातभर अंतर.

सुरुवातीला बाई नावं पुकारत. पण नावं तीच ती. एक नाव घेतलं की दोघे उठायचे, दारात भांडायचे, आणि तिसरा आत जाऊन बसायचा. एकदा तर एकीची सुई दुसरीला टोचता टोचता राहिली. तेव्हा बाईंनी स्वतःच्या डोक्यानं एक पद्धत काढली. नाव नाही, आडनाव नाही, सरळ दुखण्यानं पुकारायचं. ‘गुडघेवाले आजोबा, आत या.’ ‘झोप न येणारे, उठा, तुमचा नंबर.’ ‘मूळव्याध, तुम्हाला वेळ आहे. उभे राहिलात तरी चालेल.’

गर्दी भराभरा सरकू लागली. लोक हसायचे, आणि हसणारं माणूस तक्रार करत नाही अशी बाईंची समजूत होती. नेहमीचे रोगी तर त्याच नावांनी एकमेकांना ओळखू लागले. ‘काय मुतखडा, आज लवकर?’ ‘हो ना पित्त, पुढे लग्नाला जायचंय.’ डॉक्टरांनी बाहेर येऊन बाईंचं कौतुक केलं आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आवाज काय आहे याचा! शेवटच्या खुर्चीवरच्या बहिऱ्या आजीही उठल्या. त्या तर दुसऱ्याच दुखण्यासाठी आल्या होत्या.’ मित्रांनो, एवढी स्तुती मला भाजीबाजारातही मिळाली नव्हती.

कधीकधी मात्र पुकारा केल्यावर कुणीच उठत नसे. एकदा बाईंनी पुकारलं, ‘मूल न होणारे, आत या.’ थोड्या वेळानं कोपऱ्यातलं एक तरुण जोडपं उठलं आणि डॉक्टरांच्या दाराकडे न जाता रस्त्याच्या दाराकडे गेलं. बाई म्हणाल्या, ‘नंबर लावतात आणि निघून जातात. लोकांना शिस्तच नाही.’ मलाही तसंच वाटलं. मी आवाज वाढवून पुन्हा एकदा पुकारलं.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

चौकात एक सलून आहे. तिथले सलूनवाले म्हणजे सडपातळ, नीटनेटके, शर्टाच्या खिशात कायम कंगवा असलेले गृहस्थ. एक दिवस ते आमच्याकडे आले. भोकापाशी वाकले, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बाई, उजवा हात जरा थरथरतो हो आजकाल. पण हे...’ आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बाईंनी समजूतदारपणे मान हलवली. ‘काळजी करू नका. बसा.’

त्या दिवशी थरथरणारे दोघे होते. दुसरे एक म्हातारे मास्तर होते. बाई कामाला चोख. घोटाळा नको म्हणून त्यांनी पुकाऱ्याला शेपूट जोडलं.

‘हात थरथरणारे, चौकातले सलूनवाले, आत या!’

मी ते शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवलं. आवाज अगदी स्वच्छ लागला होता.

सलूनवाले उठले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी सावकाश आपल्या गळ्यावर हात ठेवला.

‘आज सकाळीच केली ना तुमची?’ त्यांच्या बायकोनं विचारलं.

‘हो.’

‘वस्तऱ्यानं?’

‘मग काय खुरप्यानं?’

‘बघू, मान वर करा. वर करा म्हणते ना!’

पलीकडून एकजण म्हणाला, ‘आता कळलं माझा एक कल्ला वर आणि एक खाली का ते.’

‘तुझं तोंडच वाकडं आहे रे, त्याला तो काय करणार,’ शेजारचा म्हणाला. पण म्हणता म्हणता त्यानंही आपली हनुवटी चाचपली.

सलूनवाले तपासून घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नाही. सगळे हाताकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि कोपरानं दार ढकलून ते निघून गेले.

पुढचं मला कळलं ते खुर्च्यांवरच्या गप्पांमधून. चौकातलं सलून ओस पडलं होतं. माणूस चांगला, हात चांगला, पण गळा आपला, असं सगळ्यांचं म्हणणं. कुणी नव्या सलूनकडे वळलं, कुणी घरीच दाढी करायला लागलं, कुणी दाढी ठेवायचंच ठरवलं. कुणाच्याही बोलण्यात राग नव्हता, उलट कळवळा होता. ‘बिचारा,’ म्हणायचे. मला कळेना. एवढा कळवळा आहे तर त्यातलं कुणी त्याच्याकडे जात का नाही? आणि त्याचं वाईट झालं म्हणावं तर ते केलं कुणी? बाई फक्त माइकमध्ये बोलल्या. मी फक्त बोललेलं पोचवलं. लोकांनी फक्त ऐकलं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं आणि एका माणसाचं दुकान बसलं.

काही दिवसांनी सलूनवाले पुन्हा आले, बरोबर त्यांच्या सासूबाई. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, म्हणून सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणत. त्या भोकापुढे वाकल्या नाहीत. ताठ उभ्या राहून काचेवर टिचकी मारली, तेव्हा काउंटरवाल्या बाईंनाच उठून उभं राहावं लागलं.

‘तक्रार आहे.’

‘कसली? ताप, खोकला, पोट?’

‘तुमची.’

बाई गोंधळल्या. मग सलूनवाल्यांकडे लक्ष गेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘अहो, पण मी खोटं कुठे बोलले? थरथरतो ना हात?’

‘खरं होतं म्हणून तर तुमच्याकडे येऊन हळू आवाजात सांगितलं. खोटं असतं तर चौकात सांगितलं असतं.’

‘सगळ्यांनाच तसं बोलावतो आम्ही. आजवर कुणी काही म्हणालं नाही.’

‘कसं म्हणतील? तक्रारही पुकाराल.’

‘आई, जाऊ द्या ना,’ सलूनवाले हळूच म्हणाले. ‘आणखी चव्हाट्यावर नको.’

‘चव्हाट्यावर तुम्ही आहातच, जावईबापू. आपण घरी परतायचा रस्ता शोधतोय. तुम्ही गप्प बसा.’

बाईंनी खणातून एक छापील कागद काढला. ‘हा तक्रारीचा नमुना. वर नाव, खाली आजार, ठळक अक्षरात. दोन प्रती. एक आमच्याकडे, एक तिथे फलकावर.’

‘फलकावर?’

‘कारभार पारदर्शक आहे आमचा.’

ऑपरेटरबाईंनी तो कागद उलटा करून काउंटरवर ठेवला आणि पिशवीतून स्वतःचा कोरा कागद काढला. माझ्या खालच्याच खुर्चीत बसून त्यांनी अर्ज लिहिला आणि जावयाला पुटपुटत वाचून दाखवला, म्हणून मलाही ऐकू आला. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, काय शब्द पुकारले, तेव्हा खोलीत साधारण कोण कोण बसलं होतं, हे सगळं त्यात होतं. दुखण्याचं नाव मात्र नव्हतं. ‘माझ्या प्रकृतीची माहिती’ एवढंच.

‘हात लिहिला नाहीत?’ जावयानं विचारलं.

‘कशाला? ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. ज्यांना नाही त्यांना आपल्याच अर्जातून कशाला कळवायचं?’

पुढे प्रश्न होते. असं पुकारायचं कुणी ठरवलं? माझी माहिती आणखी कुणाला दिली? हे कधी थांबणार? माझ्या तपासणीच्या कागदांची प्रत मला द्या. आणि सगळ्याची उत्तरं लेखी द्या. खाली सलूनवाल्यांनी सही केली. सही थरथरली नाही, हे मी वरून पाहिलं. पण ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण माइक बंद होता.

‘पोच द्या,’ ऑपरेटरबाई म्हणाल्या.

‘पोच कशाला? मी आहे ना,’ बाई म्हणाल्या.

‘तुम्ही आहात म्हणूनच.’

शिक्क्याचा आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. डॉक्टर मनानं फार चांगले. त्यांनी अर्ज वाचला, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, ‘छे, छे, छे! फार वाईट झालं. मी आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो.’ ‘डॉक्टर, थांबा,’ असं ऑपरेटरबाई म्हणेपर्यंत ते काउंटरच्या आत शिरले होते आणि माइक त्यांच्या हातात होता.

खोली तुडुंब भरलेली. डॉक्टरांनी घसा साफ केला, तोही मी सगळ्यांना ऐकवला.

‘कृपया इकडे लक्ष द्या. चौकातल्या सलूनवाल्यांचा हात थरथरतो, असं इथून जे सांगण्यात आलं होतं, ते सांगायला नको होतं. ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी ते कृपया विसरावं. त्यांना औषध सुरू केलेलं आहे. दुसरी गोष्ट, सदर गृहस्थ दारू पीत नाहीत. धन्यवाद.’

मग मागच्या रांगेतून एक आवाज आला. ‘कुणाचा हात?’

‘अरे, तो चौकातला.’

‘असं होय? मला माहीतच नव्हतं.’

‘दारू का? अच्छा, दारू.’

‘नाही पीत म्हणाले ना.’

‘पीत नाही तर सांगायचं कशाला? मी पीत नाही, माझं कुणी सांगितलं का कधी?’

डॉक्टर हसतमुखानं बाहेर आले. ‘झालं समाधान?’

सलूनवाले खुर्चीत बसून होते. म्हणाले, ‘डॉक्टर, थोडी गिऱ्हाइकं उरली होती माझी. ज्यांना माहीत नव्हतं ती.’

डॉक्टरांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद निघून गेला. ते एकदा माइककडे, एकदा माझ्याकडे बघू लागले. मीही गोंधळलो होतो. माफी मागणं चांगलं असतं ना? आणि चांगली गोष्ट मोठ्यानं सांगावी असंच तर आजवर मला वाटत आलं होतं.

ऑपरेटरबाईंनी पिशवीतून दुसरा कोरा कागद काढला. ‘तुमचं उत्तर येईल तेव्हा येईल, डॉक्टर. आता वर जाते.’

वर म्हणजे कुठे, हे मात्र त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. आधी त्या एका कार्यालयात गेल्या. तिथे ‘दवाखान्यातल्या भोंग्याबद्दल तक्रार’ एवढं वाचून एका साहेबानं आवाज मोजणारा माणूस पाठवला. तो कानाला काहीतरी लावून आला, मला ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावलं, काटा बघितला आणि आवाज मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र देऊन गेला. बाईंनी ते चौकटीत घालून माझ्या खाली टांगलं. मला वाटलं, सुटलो. काय बोललो ते सोडा, किती मोठ्यानं बोललो ते तरी ठीक होतं.

ऑपरेटरबाई प्रमाणपत्र बघून गेल्या. ‘चुकलंच माझं. अर्जात भोंगा आधी लिहिला, माणूस नंतर,’ असं स्वतःशीच म्हणाल्या. मग चौकशा करत करत त्या योग्य ठिकाणी पोचल्या, जिथे डॉक्टरांची नोंदणी होते आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीही ऐकल्या जातात. नवा अर्ज, जुन्या अर्जाची प्रत, आमच्या शिक्क्याची पोच, सगळं जोडलं. माफीच्या पुकाऱ्याचाही दिवस-वेळ लिहिला. दवाखान्याकडून लेखी उत्तर आलं नसल्याचंही लिहिलं, कारण खरोखरच आलं नव्हतं. डॉक्टरांना वाटत होतं, आपण उत्तर दिलं आहे, सगळ्यांसमोर.

एके सकाळी चौकशी अधिकारी आले. सलूनवाले आणि ऑपरेटरबाई आधीच येऊन बसले होते. त्यांनी खोलीच्या मधोमध उभं राहून कागद उघडला आणि विचारलं, ‘ते हात थरथरण्याचं प्रकरण कुणाचं?’

सगळ्या खोलीनं एकदम सलूनवाल्यांकडे बोट दाखवलं.

‘साहेब,’ ऑपरेटरबाई म्हणाल्या, ‘आपण आत बसून बोलू या का?’

‘का बरं? इथे वारा चांगला आहे.’

‘याच कारणासाठी आम्ही तुम्हाला बोलावलंय, म्हणून.’

अधिकाऱ्यांनी कागदाकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ‘हं. बरोबर,’ म्हणाले आणि आत गेले. सलूनवाले, डॉक्टर, काउंटरवाल्या बाई, सगळे त्यांच्यामागून गेले. ऑपरेटरबाईंनी दार लावून घेतलं.

इतक्या वर्षांत ते दार असं नीट लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आत काय चाललंय, मला कळेना. बाहेरच्या लोकांनाही कळेना. त्यांनी थोडी चुळबुळ केली, मग कुणी मासिक उघडलं, कुणी पाणी प्यालं. आम्हाला कळलं नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही. याचंही मला आश्चर्य वाटलं.

दार उघडलं ते डॉक्टरांच्या उत्साही बोलण्यावर. ‘आवाजच नको, साहेब! मी भिंतीवर मोठा पडदा बसवतो. सगळं लिहून दिसेल.’

‘काय दिसेल?’ अधिकाऱ्यांनी विचारलं.

‘नाव आणि तक्रार.’

अधिकाऱ्यांनी कागदाची घडी घातली. मग शांतपणे म्हणाले, ‘डॉक्टर, आकडा. फक्त आकडा. माझा आदेश लेखी येईल, पण आजपासूनच सुरू करा.’ माफी लिहून, पाकिटात बंद करून, सलूनवाल्यांच्या घरी द्यायची, हेही ठरलं. काचेचं भोक उंचावर न्यायचं, आणि ज्याला काही खासगी सांगायचं असेल त्याला आत बसवायचं. धंद्याच्या नुकसानीबद्दल दाद मागायची असेल तर त्याचं दार वेगळं, ते न्यायालयाकडे, असंही अधिकाऱ्यांनी सांगितलं. ‘तेही बघू,’ ऑपरेटरबाई म्हणाल्या. ‘एका वेळी एक दार.’

काउंटरवाल्या बाईंचे डोळे भरून आले होते. सलूनवाल्यांपुढे येऊन त्या म्हणाल्या, ‘मी वाईट बाई नाही हो.’

‘नाही, बाई. मला माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘पण माझ्याही खुर्चीत माणसं बसतात. टॉवेल गळ्यात पडला की जन्माचं बोलतात. कुणाचं कर्ज, कुणाची सून, कुणाच्या टाळूला काय झालंय. मी सगळं केसांबरोबर झाडून टाकतो. तुमच्या यजमानांचीच दाढी किती वर्षं करत होतो. त्यांनी काय काय सांगितलं, मी कुणाजवळ काढलं का?’

‘काय सांगितलं त्यांनी?’ बाईंनी पटकन विचारलं.

सलूनवाले नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मला वाटतं, इतक्या दिवसांत त्यांना नेमकं तेव्हा समजलं. मला मात्र तेव्हाही पुरतं समजलं नव्हतं.

जाता जाता अधिकाऱ्यांनी सलूनवाल्यांना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. ते इतक्या हळू विचारलं की मला ऐकू आलं नाही. उत्तर मात्र मला दिसलं, कारण सलूनवाले वळून सरळ माइककडे चालत गेले.

‘जावईबापू!’ ऑपरेटरबाई घाईनं उठल्या. ‘काही गरज नाही. आता तर मिटतंय. एक शब्दही नको.’

‘आई, तुम्ही म्हणालात म्हणून इतके दिवस गप्प बसलो,’ ते म्हणाले. ‘आता एकदा बोलतो. माझंच आहे ना?’

ऑपरेटरबाई बाजूला सरकल्या. पण बसल्या नाहीत.

सलूनवाल्यांनी माइक हातात धरला. खोलीतले सगळे हाताकडेच बघत होते, आणि त्यांनाही ते दिसत होतं.

‘मी चौकातला सलूनवाला. माझा हात थरथरत होता. कारण सापडलंय. ते काय, हे मी सांगणार नाही. गोळ्या चालू आहेत. आता हात थरथरत नाही. थरथरत होता तेव्हा मी वस्तरा धरलेला नाही, कैचीच चालवली, आणि दाढीला माझ्या भावाला उभं केलं होतं. हे तुमच्यापैकी कुणी मला विचारलंच नाही. दुकान सकाळी उघडतं.’

गळा चाचपणारे ते पुढच्या रांगेतले गृहस्थ आजही आले होते; त्यांची बायको त्यांच्याकडे वळली. ‘त्या दिवशी कुणी केली होती तुमची?’

‘भावानं,’ गृहस्थ खाली मान घालून म्हणाले.

‘मग तेव्हा का नाही बोललात?’

‘तू मान वर करायला सांगितलीस ना.’

मग दाढी भलतीच वाढलेला एक माणूस खाकरला. ‘उद्या सकाळी गर्दी असेल का हो दुकानात?’

‘नाही,’ सलूनवाले म्हणाले. ‘तुमच्याच कृपेनं.’

खोली हसली. तो माणूसही ओशाळून हसला. ‘मग येतो. पण आधी जरा हात दाखवाल का?’

‘दुकानात या. खुर्चीत बसा. तिथे दाखवतो. इथे नाही.’ त्यांनी माइक जागेवर ठेवला आणि सासूबाईंची पिशवी उचलून घेऊन ते निघाले.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी विचार करतो आहे. खोली तीच, तार तीच, मी तोच. आणि शब्द? ‘हात थरथरतो’ हे बाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, आणि सलूनवाल्यांनीही सांगितलं. दोनदा त्या शब्दांनी एका माणसाचं दुकान बुडवलं आणि तिसऱ्यांदा तो ताठ मानेनं घरी गेला. माझ्या शंकूला तिन्ही वेळा सारखाच धक्का बसला होता. फरक कुठे होता, हे तारेत सापडत नाही. तो बोलणाऱ्याच्या तोंडात असावा. याहून पुढे माझं डोकं चालत नाही. माझ्या डोक्यात लोहचुंबक आहे.

आता मी फक्त आकडे पुकारतो. बेचाळीस. त्रेचाळीस. कुणी हसत नाही, कुणी गळा चाचपत नाही, आणि रस्त्याच्या दारानं कुणी परत जात नाही. मला थोडं कंटाळवाणं वाटतं, खोटं कशाला बोलू. परवा सलूनवाले गोळ्या बदलून घ्यायला आले होते. काचेचं भोक आता उंचावर आहे, तरी ते सवयीनं वाकले आणि बाईंना म्हणाले, ‘जरा लवकर होईल का? एकाला साबण लावून आलोय.’ बाईंनी त्यांचा आकडा लगेच माझ्या हवाली केला. तो मी नेहमीपेक्षा जरा जास्तच खणखणीत पुकारला.

तर मित्रांनो, मी भिंतीवरचा एक जुना ओरडणारा. माझ्याकडून शिकण्यासारखं फार नाही. पण कुणाचं दुखणं तुमच्या कानावर पडलं तर ते तिथेच राहू द्या, कळवळ्यानंसुद्धा पुढे ढकलू नका. आणि तुमचं दुखणं तुम्हाला न विचारता कुणी बाहेर फेकलं, तर लाजून घरी बसू नका. काय झालं ते लगेच लिहून ठेवा, विचारा, लेखी विचारा, पोच घ्या, एका दारानं ऐकलं नाही तर पुढचं ठोठावा. चुकीचं दार लागलं तरी हरकत नाही, तिथून परत फिरता येतं. दुखणं तुमचं आहे, ते सांगायचं की नाही हेही तुमचंच. एकदा बाहेर गेलेली गोष्ट पूर्ण परत मिळते की नाही, हे मला अजून माहीत नाही. पण ती परत मागायला आलेला माणूस मी पाहिला आहे, आणि तो मागताना वाकला नव्हता.